बदलता पाऊस, बदलते ताप

जून 2024मध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि पुण्याची झोप उडाली. झिका हे नाव जिल्ह्याला नवे नव्हते. जुलै 2021मध्ये राज्यातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात आढळला होता. पण बेलसर गावाकडे होते, एरंडवणे ऐन शहरात. गर्भवतींच्या रक्ताचे नमुने तपासणीला जाऊ लागले, सोसायट्यांना नोटिसा निघाल्या. महिनाभरात, 25 जुलैला, खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या पुढे पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत माणसे बोटीतून बाहेर काढावी लागली. पावसाळा सरता सरता चिकुनगुनियाने जोर धरला. गुडघे आणि मनगटे धरून बसलेल्या रुग्णांनी दवाखाने भरले, काहींच्या नाकावर काळसर डाग उमटले. जानेवारी 2025मध्ये किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत हातापायांतले बळ एकाएकी जाणारे रुग्ण येऊ लागले आणि ‘जीबीएस’ (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) ही तीन अक्षरे घरोघरी पोचली. त्यानंतर 26 मे रोजी, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी, मोसमी पाऊस पुण्यात दाखल झाला.

एवढे सगळे एका वर्षात. यातले हवामानबदलामुळे घडलेले किती, शहराच्या ढिसाळपणामुळे घडलेले किती आणि निव्वळ योगायोग किती? हे पुस्तक या प्रश्नाभोवती उभे आहे. त्याचे एका ओळीतले उत्तर मिळत नाही. प्रत्येक साथीचे उत्तर वेगळे येते आणि ते वेगळेपण समजून घेणे हाच या विषयाचा गाभा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ताप कधी वाढेल आणि कोणत्या नव्या भागात शिरेल, हे ठरवण्यात हवामानाचा वाटा मोठा असतो. तो तिथे किती मुक्काम करील आणि कुणाला किती छळील, हे मात्र पाणीपुरवठा, गटारे, घरे आणि दवाखाने ठरवतात. हवामान बदलत असल्याने तापाचे जुने वेळापत्रक मोडते आहे. आपली यंत्रणा मात्र अजून जुन्या वेळापत्रकावर चालते.

पुण्यालाच हा विषय का सुचावा, याचे कारण इथल्या संस्थांत आहे. भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय 1928मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. विषाणूंच्या अभ्यासासाठी 1952मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने इथे व्हायरस रिसर्च सेंटर निघाले. 1978पासून ती राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपली ‘एनआयव्ही’. 1962मध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, ‘आयआयटीएम’, स्थापन झाली. ती पाषाणला आहे आणि एनआयव्हीचा एक परिसरही पाषाणलाच. पावसाचा अंदाज आणि विषाणूची ओळख ही दोन्ही कामे इतक्या जवळ चालणारी शहरे देशात फारशी नाहीत. तरीही या दोन विद्यांचे एकमेकींशी बोलणे अगदी अलीकडे सुरू झाले आहे.

साथीचा ऋतूशी संबंध असतो, हे पुण्याला तसे जुनेच माहीत आहे. 1896चा पाऊस फसला, दख्खनेत दुष्काळ पडला आणि त्याच सुमारास मुंबईत उतरलेला प्लेग 1897च्या सुरुवातीला पुण्यात फैलावला. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. पुढे प्लेग अधिकारी रँडचा अंमल, घरांच्या झडत्या आणि 22 जूनला त्याच्यावर झालेला गोळीबार हा इतिहास आपण शाळेत शिकतो. शाळेत न शिकलेली एक बाब अशी की कडक, कोरड्या उन्हाळ्यात प्लेग ओसरतो आणि पावसाळ्यानंतर पुन्हा डोके वर काढतो, हे त्या काळच्या अभ्यासकांनी टिपून ठेवले होते. उंदरावरची पिसू फार उष्ण आणि कोरड्या हवेत टिकत नाही, हे त्याचे कारण. याच 1897मध्ये साथरोग कायदा आला, तो आपण 2020मध्येही वापरला. कायदा टिकला. ऋतूच्या नोंदी मात्र फायलींत राहिल्या.

पुस्तकाचे तीन भाग आहेत : डास, पाणी आणि प्राणी. शेवटी नोंदी आणि कारभार यांवर एक प्रकरण आहे. प्रत्येक भागात काय आहे आणि ते कसे वाचावे, एवढे इथे सांगतो.

सर्वांत मोठा भाग डासांचा, कारण हवामानाचा धागा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही आजार पसरवणारी मुख्य मादी एकच, एडिस इजिप्ती. अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो. नदीतल्या जलपर्णीत आणि गटारात वाढणारे, संध्याकाळी घोंघावणारे क्युलेक्स डास वेगळे. तक्रारी बहुतेक त्यांच्याच होतात. एडिसला नदी लागत नाही. त्याला पिंप, हौद, कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचा टायर आणि बांधकामावरची टाकी पुरते.

पाणी भरून ठेवलेल्या एखाद्या पिंपाच्या आत टॉर्च मारून पाहिले, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर, काळे ठिपके दिसू शकतात. आकार मिलिमीटरहूनही कमी. मादी ही अंडी पाण्यात सोडत नाही, काठावर एकेक करून चिकटवते. पिंप रिकामे केले, उन्हात वाळले, तरी ती अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरून त्या रेषेपर्यंत पोचले की उबतात. ‘कोरडा दिवस’ पाळताना पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही, भांडे आतून घासावे लागते, ते यासाठीच. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून हा दिवस आठवड्यातून एकदा पाळायचा. एवढे दोन मुद्दे जरी घराघरांत नीट समजले, तरी धूरफवारणीवरचा आपला भाबडा विश्वास बराच कमी होईल. धूर उडते डास मारतो. पिंपाच्या भिंतीवरच्या अंड्यांना तो काही करत नाही.

यात तापमान येते कुठे? डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास लगेच दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. विषाणूला डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचावे लागते. हवा 25 अंश असेल तर या प्रवासाला सरासरी 15 दिवस लागतात, 30 अंशाला साधारण साडेसहा दिवस. डासाचे सारे आयुष्यच दोन-चार आठवड्यांचे. 25 अंशाला बरेच डास विषाणू लाळेत येण्याआधीच मरतात, 30 अंशाला तेच डास कितीतरी दिवस माणसांना चावत राहतात. पुण्याच्या पावसाळ्यातली हवा नेमकी या दोन आकड्यांच्या आसपास असते. म्हणून इथे एक-दोन अंशांची वाढही जड जाते. फार उष्णता मात्र डासालाही सोसत नाही, पारा पस्तिशीच्या पुढे गेला की त्याचे आयुष्य आखडते. तापमान जितके जास्त तितका डेंग्यू जास्त, असा सरळ हिशेब नाही.

पावसाचा हिशेबही सरळ नाही. आयआयटीएमच्या सोफिया याकूब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या डेंग्यूच्या मृत्यूंची 2004 ते 2015 या वर्षांची आकडेवारी हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिली. जानेवारी 2025मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला हा अभ्यास या पुस्तकाचा मोठा आधार आहे. पावसाळ्यातले तापमान 27 अंशांच्या वर, हवेतली आर्द्रता 60 ते 78 टक्के आणि पाऊस मध्यम पण सगळ्या हंगामात विभागून पडलेला, असे जुळून आले की पुण्यात डेंग्यू वाढतो. उलट आठवड्याला 150 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस कोसळला तर अंडी आणि अळ्या वाहून जातात, साथ दबते. पाऊस आणि उघडीप यांचा चढउतार ज्या वर्षी कमी, त्या वर्षी डेंग्यू जास्त. म्हणजे पुणेकरांना प्रिय असलेली रिमझिम डासांनाही मानवते.

पुढचे चित्र काय? हाच अभ्यास सांगतो की पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू 2040पर्यंतच्या काळात सुमारे 13 टक्के वाढू शकतात, शतकाच्या मध्यापर्यंत 23 ते 40 टक्के आणि शतकाच्या अखेरीस 30 ते 112 टक्के. शेवटच्या दोन आकड्यांतले अंतर पाहावे. जग किती कर्बवायू सोडणार, यावर ते अवलंबून आहे. हे भाकीत अटळ आहे असे समजून कुणी वाचू नये. पुण्याने डासांच्या बाबतीत आज चालले आहे तेच पुढे चालू ठेवले तर काय होईल, याचा तो अंदाज आहे.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. अनुकूल हवामान जुळून येणे आणि डेंग्यू वाढणे यांत दोन ते पाच महिन्यांचे अंतर असते. त्यामुळे साथीचा इशारा दोन महिन्यांहून अधिक आधी देणे शक्य आहे. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

हे काही पुण्यापुरते नाही. जागतिक आरोग्य संघटनेकडे 2024मध्ये डेंग्यूच्या 1 कोटी 40 लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. 2023मध्ये पॅरिसच्या परिसरात, प्रवास न करता तिथल्या तिथे डेंग्यू झालेले रुग्ण पहिल्यांदा आढळले. मात्र हवामानाचे नाव घेताना विषाणूचे स्वतःचे चालचलनही विसरून चालत नाही. चिकुनगुनिया 1973मध्ये बार्शीत आला, मग देशातून जवळजवळ गायब झाला आणि 2005-06मध्ये परतला तो वेगळ्या, आफ्रिकेकडून आलेल्या जनुकीय वंशाचा. तीस वर्षांत लोकांची प्रतिकारशक्ती ओसरली होती, शहरे फुगली होती, विमाने वाढली होती. असे सगळे एकत्र आले की साथ येते. हवामान त्यातला एक भागीदार.

दुसरा भाग पाण्याचा. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, विस्तृत भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या, असे कोल आणि सहकाऱ्यांनी 2017मध्ये दाखवून दिले. अशा पावसाने काय होते ते मुंबईने 26 जुलै 2005नंतर पाहिले. एका दिवसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस, आणि त्यानंतर तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्या माणसांत लेप्टोस्पायरोसिसची साथ. उंदरांच्या मूत्रातले जंतू पायाच्या भेगेतून शरीरात शिरले. पुण्यात 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर भागात हाहाकार उडवला, वीसहून अधिक माणसे गेली. पाऊस विलक्षण होता हे खरे. ओढ्याचे पात्र आवळत कोण गेले, हा प्रश्नही तितकाच खरा.

आणि इथेच जीबीएसचे प्रकरण मुद्दाम घेतले आहे. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरसही. संशयाचा रोख नांदेड गावच्या मोठ्या विहिरीवर गेला. तिचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता केवळ क्लोरीन टाकून आसपासच्या भागाला पुरवले जात होते. दोनशेहून अधिक रुग्ण झाले. 2017मध्ये 11 आणि 2021मध्ये 23 गावे महापालिकेत आली; टोलेजंग इमारती आधी आल्या, शुद्ध पाण्याचे नळ मागाहून यायचे होते. जानेवारी महिना, ना पाऊस ना पूर. या साथीचे खापर हवामानबदलावर फोडणे ही शुद्ध पळवाट ठरेल. ‘हवामान बदललेय, आम्ही काय करणार’ हे वाक्य पुढच्या काळात महापालिकांच्या तोंडी वारंवार येणार आहे. वाचकाने प्रत्येक वेळी विचारावे : नळ कुठून येतो, गटार कुठे जाते? एवढे मात्र ध्यानात ठेवावे की जी पाणीव्यवस्था कोरड्या जानेवारीतही निर्धोक नाही, ती पुरात काय टिकणार?

तिसरा भाग प्राण्यांकडून माणसांकडे येणाऱ्या आजारांचा. इथे पुण्याचे नाते प्रयोगशाळेचे आहे. 1957मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा तो नवा विषाणू पुण्याच्या केंद्राने शोधला. गोचिडीतून पसरणारा हा माकडताप 2015मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि 2016मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे पोचला. काजूच्या बागेत पाचोळा तुडवत काम करणारी माणसे त्याच्या तावडीत सापडली, आणि हंगाम तोच, डिसेंबर-जानेवारी ते मे. 1965मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांत सापडलेला विषाणू वाळूमाशीमार्फत पसरतो. 2003मध्ये त्याने आंध्र आणि महाराष्ट्रात आणि 2024मध्ये गुजरातेत मुलांचे बळी घेतले. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाहची प्रतिपिंडे एनआयव्हीला आढळली. त्याने घाबरून जायचे कारण नाही, महाराष्ट्रात माणसांत साथ आलेली नाही. पण जंगल तुटणे, बागा डोंगरात चढणे, प्राण्यांनी जागा बदलणे आणि हवा तापणे या गोष्टी इथे अशा गुंतल्या आहेत की एकीचा वाटा वेगळा काढणे अवघड. या भागातले निष्कर्ष म्हणूनच बेताने मांडले आहेत.

बेताचेपण सगळ्याच विषयाला हवे. 2022मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीत, माणसाला होणाऱ्या ज्ञात 375 संसर्गजन्य आजारांपैकी 218 आजार, म्हणजे 58 टक्के, हवामानाच्या संकटांनी कधी ना कधी बळावल्याचे दिसले. त्याच पाहणीत 16 टक्के आजार अशा संकटांनी कधी कधी मागेही हटल्याचे नोंदले आहे. पहिला आकडा बातम्यांत गाजला. दुसरा वाचल्याशिवाय पहिल्याचा अर्थ लागत नाही.

आता नोंदींविषयी. इशारा दोन महिने आधी मिळू शकतो, पण तो तयार करायला आजाराची आकडेवारी लागते आणि ती जितकी बारीक तितका इशारा उपयोगाचा. पावसाची नोंद शिवाजीनगरला रोज ठरल्या वेळी होते, शतकभराहून अधिक काळ होते. तापाची तशी होत नाही. रॅपिड टेस्टने डेंग्यू निघालेला रुग्ण ‘संशयित’ राहतो, एलायझा चाचणी झाली तरच ‘निश्चित’ ठरतो. खासगी दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावून घरी गेलेला रुग्ण कित्येकदा कुठल्याच यादीत नसतो. पुण्याच्या आरोग्य विभागाने आयआयटीएमला आकडेवारी दिली म्हणून तो अभ्यास होऊ शकला. पण सबंध शहराचा एक आकडा कोथरूडला आणि हडपसरला सारखाच लागू पडत नाही. कुठल्या भागात रोज नळ येतो, कुठे टँकर येतो आणि लोक पिंपे भरून ठेवतात, यावर डास ठरतो.

इशाऱ्याचा उपयोग कसा होईल? एप्रिल-मेमध्येच कळले की यंदा ऑगस्ट जड जाणार, तर पावसाआधी बांधकामांच्या टाक्या तपासता येतात, हौदांत गप्पी मासे सोडता येतात, आशा सेविकांच्या फेऱ्या आखता येतात, रक्तपेढ्यांना प्लेटलेटची तयारी सांगता येते, नायडू रुग्णालयाच्या खाटा वेळेवर मोकळ्या ठेवता येतात. याच रुग्णालयाने 2009मध्ये स्वाइन फ्लू आणि मार्च 2020मध्ये राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पाहिले. दोन्ही वेळा शहर साथीच्या मागे धावत होते. डेंग्यूच्या बाबतीत पुढे राहण्याची संधी आहे, आणि ती देणारे विज्ञान याच शहरात तयार झाले आहे.

हे पुस्तक तज्ज्ञांसाठी नाही. सोसायटीच्या सभेत टाकी साफ करण्यावरून भांडणारे, शाळेत विज्ञान शिकवणारे, ताप आलेल्या मुलाला घेऊन रात्री दवाखाना शोधणारे, पालिकेत निवडून जाणारे वाचक आमच्या डोळ्यांसमोर आहेत. आमच्या काही निष्कर्षांशी मतभेद होतील, व्हावेत. एक गोष्ट मात्र पुस्तक मिटल्यावर प्रत्येकाने करून पाहावी. येत्या एप्रिलमध्ये, साथ सुरू होण्याआधी, आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारावे की गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात कुठल्या आठवड्यात किती डेंग्यूचे रुग्ण निघाले. उत्तर मिळाले तर आपला भाग इशारा वापरायला तयार आहे. नाही मिळाले, तर पहिले काम कोणते ते कळेल.